नांवाची शीव

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंथुर्णे हें गांव आहे. ह्या गांवांतील कोणत्याही घरांत ‘आई’ अशी हांक पडली, तर कोणीं उठावें याविषयीं त्या घरांत कधीं वाद होत नाहीं. शेजारच्या घरांतही तीच हांक पडते. पण तेथें उठणारी माउली निराळी असते. ‘वरचा मळा’ म्हटलें कीं त्या त्या कुटुंबाला आपापलें शेत कळतें. गांवच्या चावडीवर मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. कोणाचा वरचा मळा, हें सांगावें लागतें. इंदापूरच्या बाजारांत नुसतें ‘पाटील’ म्हणून चालत नाहीं. ‘अंथुर्ण्याचे पाटील’ असें म्हणावें लागतें. उलट, सूर्य म्हटल्यावर तो अंथुर्ण्याचा कीं इंदापूरचा, असें कोणी विचारीत नाहीं. तात्पर्य, प्रत्येक नांवाला एक शीव असते. त्या शिवेच्या आंत तें नांव निःसंदिग्ध असतें. शीव ओलांडली कीं त्याच्यामागें आणखी एक नांव जोडावें लागतें.

संसारांत सहज कळणारी ही गोष्ट संगणकाच्या विद्येंत मोठ्या विचाराचा विषय होऊन बसली आहे. संगणकाकडून काम करून घेण्यासाठीं जी आज्ञावली लिहितात तिला प्रोग्रॅम म्हणतात. प्रत्येक मनुष्यानें प्रत्येक आज्ञा नव्यानें लिहावयाची म्हटली तर आयुष्य पुरणार नाहीं. म्हणून वारंवार लागणाऱ्या आज्ञांचे तयार संग्रह करून ठेवतात. त्या संग्रहांना लायब्ररी असें नांव आहे. ह्या लायब्रऱ्यांत आज्ञांबरोबरच कांहीं ठाम आंकडेही नांव देऊन ठेवलेले असतात. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचें गुणोत्तर हा असाच एक आंकडा. अशा नामांकित आंकड्याला स्थिरांक म्हणावें. प्रश्न एवढाच, कीं ह्या स्थिरांकाचें घर कोठें असावें? सर्वांना दिसेल असें वेशीवर, कीं ज्याच्या कामाचा त्याच्या माजघरांत?

प्रथम, आंकड्याला नांव तरी कशासाठीं द्यावें, असें कोणी विचारील. एखाद्या प्रोग्रॅमांत मधेंच 1089 हा आंकडा दिसला, तर वाचणाऱ्यानें काय समजावें? तो कोणाचा सन आहे, घराचा क्रमांक आहे, कीं कोणाचें देणें आहे? पण त्याच जागीं ‘एका गुंठ्याचे चौरस फूट’ असें नांव लिहिलेलें असेल, तर शाळकरी मुलालाही अर्थ कळतो. कारण 33 फूट लांब व 33 फूट रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. नांवाचा दुसरा लाभ असा कीं आंकडा एकाच ठिकाणीं लिहिला जातो. चूक झाली तर एकाच ठिकाणीं दुरुस्त होते. तिसरा लाभ सूक्ष्म आहे. दोन निरनिराळ्या गोष्टींचा आंकडा योगायोगानें एकच असला, तरी नांवें निराळीं असल्यामुळें त्या गोष्टी निराळ्या राहतात. एकीचा आंकडा उद्यां बदलला तरी दुसरीला धक्का बसत नाहीं.

नांव देण्याचा उपदेश सर्वच करतात. खरी कसोटी पुढें आहे. तें नांव एकाच आज्ञेच्या पोटांत ठेवतां येतें. एका विषयाच्या प्रकरणांत ठेवतां येतें. संबंध लायब्ररीच्या दाराशीं ठेवतां येतें. किंवा साऱ्या भाषेला खुलें करतां येतें. ह्या चार जागांपैकीं कोणती निवडावी, याचें उत्तर शोधावयास दूर देशीं जाण्याचें कारण नाहीं. अंथुर्णे ज्या तालुक्यांत आहे त्या इंदापूर तालुक्यानेंच हें उत्तर जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं मोठी किंमत देऊन मिळविलें आहे.

पेशवाई 1818 सालीं बुडाली आणि पुणें प्रांताचा सारा ठरविण्याचें काम इंग्रजांच्या हातीं आलें. तेव्हां जमिनीचें माप बिघ्यांत होतें. पांच हात व पांच मुठी म्हणजे एक काठी, वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा, असें कोष्टक. कोष्टक पक्कें, पण त्याच्या मुळाशीं असलेला हात कोणाचा? ज्या आंकड्यावर सारा डोलारा उभा तोच पाया गांवोगांव हलत होता. शिवाय बिघा हें नांव हिंदुस्थानभर पसरलेलें. पण बंगालचा बिघा 14,400 चौरस फुटांचा, तर इतर प्रांतांचे आणखी निराळे. प्रांताचें नांव मागें लावल्यावांचून ‘बिघा’ ह्या शब्दाला अर्थच उरत नाहीं. नांव देशभर फिरणारें आणि अर्थ शिवेपुरता, ही अशी विसंगति होती.

रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्या अधिकाऱ्यानें इसवी सन 1830 च्या सुमारास पुणें प्रांताची मोजणी करून नवा आकार बसविला, आणि तो इंदापुरांत लागू झाला. प्रिंगल विद्वान होता. रिकार्डो ह्या अर्थशास्त्रज्ञाच्या सिद्धांताप्रमाणें त्यानें असें ठरविलें कीं शेताच्या एकंदर उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा 55 सरकारनें घ्यावे. कागदावर हें सूत्र निर्दोष दिसतें. परंतु प्रत्येक जातीच्या जमिनीचें निव्वळ उत्पन्न किती, हें ठरविण्यासाठीं जे आंकडे गोळा केले ते सदोष होते. आणि त्यांतून निघालेले दर पर्जन्याची खात्री नसलेल्या इंदापुरासारख्या मुलुखाला झेपणारे नव्हते. त्यांतच धान्याचे भाव उतरले. वसुलीची सक्ती झाली, जमिनी पडीत पडल्या, आणि कित्येक रयतेनें घरेंदारें सोडून शेजारच्या संस्थानी मुलुखाची वाट धरली. एका सूत्रांतील ठाम मानलेला आंकडा चुकीच्या शिवेपर्यंत पसरविला तर माणसांना शीव ओलांडावी लागते, हें तेथें दिसून आलें.

पुढें 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनीं इंदापूरचें काम नव्यानें हातीं घेतलें. ह्याच तालुक्यापासून मुंबई इलाख्याच्या प्रसिद्ध मोजणीपद्धतीचा आरंभ झाला असें मानतात. तिचे नियम पुढें 1847 च्या संयुक्त अहवालांत एकत्र बांधले गेले. त्या नियमांची मांडणी आजच्या संगणकशास्त्र्यानेंही लक्षपूर्वक पाहावी अशी आहे.

त्यांनीं सर्वच आंकडे एका पेटींत कोंबले नाहींत. एकर आणि गुंठा हें माप साऱ्या इलाख्याला एकच. त्याची साखळी 33 फुटांची. जमिनीच्या प्रतीचें कोष्टकही ठरावीक. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून तिचे नऊ वर्ग करावयाचे, आणि सोळा आण्यांपासून उतरत दोन आण्यांपर्यंत त्यांचें मूल्य धरावयाचें. परंतु एकराचा सर्वांत चढा दर किती असावा, हें मात्र इलाख्याला एकच ठरविलें नाहीं. पाऊसमान, बाजारपेठेचें अंतर आणि शेतीची स्थिति ह्या गोष्टी ज्या गांवांत सारख्या असतील त्या गांवांचा एक गट करावयाचा, आणि त्या गटापुरता हा दर ठरवावयाचा. शेवटीं प्रत्यक्ष शेताची प्रत किती आण्यांची, हा आंकडा त्या एकट्या शेताचा. मातींत चुनखड आहे, वाळू मिसळली आहे, उतार आहे, असे दोष दिसतील तसा तो खालीं यावयाचा. आणि ही सारी व्यवस्था तीस वर्षें हलवावयाची नाहीं, असें वचन.

म्हणजे चार आंकडे आणि चार शिवा. माप इलाख्याचें, दर गटाचा, प्रत शेताची आणि मुदत कराराची. प्रत्येक आंकडा जेथवर खरा, तेथवरच त्याचें राज्य. शेतावर उभा राहिलेला मोजणीदार गुंठा म्हणजे किती हें नव्यानें ठरवीत नव्हता. आणि मुंबईंत बसलेला अधिकारी अंथुर्ण्याच्या एखाद्या शेतांत चुनखड किती हें ठरवीत नव्हता. संगणकाच्या लायब्ररीची रचना कशी असावी याचा धडा ह्यापेक्षां सोप्या शब्दांत देणें कठीण आहे.

ह्या पद्धतींतील ‘आणा’ ह्या नांवाकडे आणखी एकदां पाहण्यासारखें आहे. रुपयाचा सोळावा भाग तो आणा. साखळीचा सोळावा भाग तोही आणा, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक लांबी. गुंठ्याचा सोळावा भाग तो आणा, म्हणजे सुमारें 68 चौरस फूट जमीन. जमिनीच्या प्रतीचा आणा निराळा, आणि पिकाच्या अंदाजाचा, ज्याला आणेवारी म्हणत, तो आणखी निराळा. एकाच नांवाचे पांच भाऊ पांच घरीं नांदत होते. तरी घोटाळा होत नव्हता, कारण प्रत्येकाचें घर ठरलेलें होतें. पुढें 1 एप्रिल 1957 रोजीं दशमान नाणीं आलीं आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. नाण्यांतील आणा गेला. पिकाची आणेवारी कालांतरानें पैसेवारी झाली. परंतु त्या दिवशीं गुंठ्याचा सोळावा भाग कांहीं बदलला नाहीं. पांचांचें घर एकच असतें, तर एका नाण्याच्या कायद्यानें शेताच्या बांधाला धक्का बसला असता.

आतां संगणकाच्या भाषांकडे वळूं लागल्यास हाच इतिहास पुन्हां घडलेला दिसतो. डेनिस रिची यानें बेल प्रयोगशाळेंत 1970 नंतरच्या पहिल्या वर्षांत सी नांवाची भाषा रचली. तिच्यांत स्थिरांकाला नांव देण्याची जी रूढ रीत पडली ती अशी, कीं मूळ भाषांतर सुरू होण्यापूर्वींच एक लेखनिक सारा मजकूर चाळतो आणि जेथें जेथें तें नांव दिसेल तेथें तेथें आंकडा लिहून टाकतो. ह्या लेखनिकाला घर, अंगण, शीव हें कांहीं कळत नाहीं. नांव दिसलें कीं तो पुसतो आणि आंकडा लिहितो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीसाठीं असलेल्या एका शीर्षपत्रांत ‘एरर’ ह्या नांवाला शून्य हा आंकडा दिलेला आहे. चूक ह्या अर्थाचें हें नांव इतकें सामान्य, कीं दुसऱ्याच कामाची लायब्ररी लिहिणाऱ्यालाही तें सुचतें. मग दोन्ही एकत्र आल्या कीं त्या बिचाऱ्याच्या मजकुरांतील ‘एरर’ पुसून तेथें शून्य येतो, आणि भाषांतरकार भलत्याच ठिकाणीं भलतीच तक्रार करूं लागतो. चावडीवर उभें राहून ‘आई’ म्हणून हांक मारावी आणि अर्धा गांव उठावा, तसा हा प्रकार होय.

ह्याच भाषेची दुसरी गंमत अशी कीं वर्तुळाच्या त्या गुणोत्तराला, म्हणजे पायला, तिच्या अधिकृत गणित-संग्रहांत पुष्कळ वर्षें नांवच नव्हतें. पॉझिक्स नांवाच्या दुसऱ्या एका प्रमाणानें तें दिलें. म्हणून कांहीं यंत्रांवर तें सांपडे, कांहींवर विशेष विनंति केल्यावांचून सांपडत नसे. परिणामीं हजारों लोकांनीं तें आपापल्या घरीं, आपापल्या परीनें, कोणी चार दशांश स्थळांपर्यंत तर कोणी सोळा, असें लिहून ठेवलें. सी भाषेंतून निघालेल्या सी-प्लस-प्लस ह्या भाषेनें 2020 च्या प्रमाणांत अखेर ‘नंबर्स’ नांवाचें स्वतंत्र दालन उघडून पायला तेथें बसविलें. जो आंकडा खरोखर साऱ्या विश्वाचा, त्याला सार्वजनिक घर न दिल्यानेंही घोटाळाच होतो, हें ह्यावरून दिसतें. वेशीवर कांहींच ठेवूं नये, असा अर्थ कोणी घेऊं नये. सूर्य वेशीवरच असावा.

जावा ही भाषा 1996 पासून लोकांच्या हातीं आली. तिनें प्रत्येक नांवाला कोठल्या तरी घराचें आडनांव असलेंच पाहिजे, असा दंडक घातला. पाय हवा असेल तर ‘मॅथ’ ह्या घराचा पाय असें म्हणावें. नियम उत्तम, पण मनुष्य आळशी. दरवेळीं आडनांव लिहिण्याचा कंटाळा म्हणून कांहीं जणांनीं अशी युक्ति काढली, कीं स्थिरांकांचें एक वेगळें घराणें बनवावयाचें आणि त्याचा वारसा घ्यावयाचा. मग तीं नांवें आपल्याच घरचीं होतात. पण वारसा हा एकट्याचा राहत नाहीं. तो मुलांनातवंडांपर्यंत जातो. ज्याला त्या आंकड्यांशीं कांहीं कर्तव्य नाहीं त्याच्याही घरांत तीं नांवें येऊन पडतात, आणि एकदां जगाला दिसलीं कीं मागें घेतां येत नाहींत. जोशुआ ब्लॉक यानें आपल्या 2001 सालच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ ह्या पुस्तकांत ह्या रीतीचा स्पष्ट निषेध केला. पुढें 2004 मध्यें जावाच्या पांचव्या आवृत्तीनें हवें तें एकच नांव उसनें आणण्याची सोय दिली, आणि वारसा घेण्याचें निमित्त संपलें. उसनवारी दिसते, मोजतां येते, परत करतां येते. वारशाचें तसें नाहीं.

पायथन भाषेंतही ‘मॅथ’ ह्या दालनांत पाय आहे आणि त्याच्या शेजारीं ‘ई’ ह्या एकाक्षरी नांवाचा 2.718 पासून सुरू होणारा आंकडा आहे. दालनाचें नांव घेऊन बोलावलें तर दोघेही सुखानें येतात. परंतु ‘त्या घरांतील सर्वांनीं यावें’ असें सरसकट आमंत्रण धाडलें, तर ‘ई’ हा आपल्या घरच्या ‘ई’ला मुकाट्यानें उठवून त्याच्या पाटावर बसतो. भाषा तक्रार करीत नाहीं. उत्तर मात्र चुकतें. एकाक्षरी नांव घरांत गोड असतें. बाळ्याला घरांत बाळ्या म्हणावें. पण न्यायालयाच्या दारांत पूर्ण नांवच पुकारावें लागतें.

ह्यापुढचा मुद्दा अधिक गंभीर आहे. स्थिरांकाचें घर ठरलें, तरी त्याच्या नकला किती घरीं गेल्या, हेंही पाहावें लागतें. जावा भाषेच्या नियमाप्रमाणें ज्या स्थिरांकाची किंमत भाषांतराच्या वेळींच निश्चित असते, ती किंमत वापरणाऱ्या प्रोग्रॅमांत सरळ नकलून घेतली जाते. उद्यां लायब्ररीच्या कर्त्यानें मूळ आंकडा बदलला, तरी ज्यांनीं आपल्या प्रोग्रॅमाचें पुन्हां भाषांतर केलें नाहीं त्यांच्याकडे जुनाच आंकडा चालू राहतो. तालुक्याच्या कचेरींत दर बदलावा आणि गांवच्या दप्तरांत जुनाच दर वाचला जावा, तसें हें होय. म्हणून जो आंकडा कधीं काळीं बदलण्याचा संभव आहे, तो स्थिरांक म्हणून वेशीवर मांडूंच नये; विचारल्यावर उत्तर देणारी एक खिडकी ठेवावी, म्हणजे ज्याला हवें त्यानें दरवेळीं येऊन विचारावें.

इंदापूरच्या कथेचा उत्तरार्ध येथें उपयोगी पडतो. तीस वर्षांची मुदत संपल्यावर 1867 मध्यें तालुक्याची पुन्हां पाहणी झाली. मध्यंतरीं रेल्वे आली होती, भाव चढले होते. त्या आधारावर सारा पुष्कळ वाढविण्यांत आला. पुढें भाव उतरले, पण वाढलेला आंकडा तसाच राहिला. शेजारच्या भिमथडी तालुक्यांत सुपें येथें 12 मे 1875 रोजीं कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली. त्या उद्रेकाचीं कारणें अनेक होतीं, आणि वाढलेला सारा हें त्यांत एक मानलें गेलें. मुंबई सरकारनें 1874 मध्येंच अशी मर्यादा घातली होती, कीं नव्या पाहणींत तालुक्याचा किंवा गटाचा सारा शेंकडा 33 पेक्षां, एका गांवाचा शेंकडा 66 पेक्षां आणि एका खातेदाराचा शेंकडा 100 पेक्षां अधिक वाढूं नये. येथेंही तीन पायऱ्या आणि तीन आंकडे. एकच आंकडा सर्व पायऱ्यांना लावला असता, तर तो एकाला सैल आणि दुसऱ्याला फास झाला असता.

आतां आजच्या काळांतील एक प्रसंग कल्पावा. अंथुर्ण्याच्या एका घरांत आजोबांच्या ट्रंकेंत जुनें खरेदीखत आहे. त्यावर तीन एकर बारा गुंठे असा आंकडा. सातबाराच्या उताऱ्यावर तेंच क्षेत्र हेक्टर आणि आर ह्या मापांत. नातू पुण्यास संगणकाचें शिक्षण घेतो. सुट्टींत तो गांवीं आला आणि जमिनीचें क्षेत्र बदलून देणारा एक लहानसा प्रोग्रॅम त्यानें लिहिला.

“आबा, एक गुंठा म्हणजे एक आरच ना?” त्यानें विचारलें.

“लोक तसें म्हणतात खरे,” आजोबा म्हणाले. “पण बाळ, म्हणणारे विकणारे आहेत कीं घेणारे, तेवढें आधीं पाहा.”

नातवानें हिशेब केला. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर. फरक शेंकडा सव्वाहूनही कमी. परंतु तीन एकर बारा गुंठे म्हणजे 132 गुंठे. त्यांचे खरे आर होतात 133.55. गुंठा आणि आर एकच मानले, तर सुमारें 155 चौरस मीटर जमीन, म्हणजे दीड गुंठ्याहून किंचित अधिक, कागदावरून नाहींशी होते. कोणीं चोरी केली नाहीं, बांध कोरला नाहीं, खोटी सही केली नाहीं. केवळ एका नांवाच्या जागीं दुसऱ्या नांवाचा आंकडा बसला.

“मग हा आंकडा ठेवूं कोठें?” नातवानें विचारलें.

“तुझ्या त्या यंत्रांतलें मला कळत नाहीं,” आजोबा म्हणाले. “पण माप हें घरांतल्या घरांत करूं नये. सगळ्या गांवाचें एकच असावें, आणि तें कोणत्या मापाचें, हें त्याच्यावर लिहिलेलें असावें.”

ह्या उत्तरांतील दुसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे. आंकड्याचें नांव केवळ ‘क्षेत्र’ असून पुरत नाहीं. ‘क्षेत्र, चौरस मीटरांत’ असें असावें. असें न केल्यानें केवढी हानि होते याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील नासा ह्या संस्थेचें आहे. मंगळाचें हवामान पाहण्यासाठीं डिसेंबर 1998 मध्यें धाडलेलें यान 23 सप्टेंबर 1999 रोजीं मंगळापाशीं पोंचतांना नष्ट झालें. लहान लहान झोतांनीं यानाला बसणारा धक्का एका प्रोग्रॅमानें पौंडांच्या मापांत सांगितला होता, आणि तो वाचणाऱ्या दुसऱ्यानें न्यूटनांच्या मापांत धरला. एका पौंड-बलाचे सुमारें 4.45 न्यूटन होतात. तेवढ्या पटीनें हिशेब चुकत गेला, आणि यान ठरल्यापेक्षां फार खालून गेलें. दोन्ही घरांतील आंकडे आपापल्या घरीं बरोबर होते. शीव ओलांडतांना त्यांनीं आपलें आडनांव बरोबर नेलें नाहीं, एवढाच अपराध.

स्थिरांक म्हणून मिरविणारे सर्व आंकडे सारखेच स्थिर नसतात, हेंही ध्यानांत ठेवावें. पाय कधींच बदलत नाहीं. प्रकाशाचा वेग सेकंदाला 29,97,92,458 मीटर, हा 1983 पासून व्याख्येनेंच ठरविलेला. प्लँकचा स्थिरांक मात्र 20 मे 2019 पर्यंत मोजून काढावा लागे, आणि नव्या मोजणीबरोबर त्याचीं शेवटचीं अक्षरें बदलत. त्या दिवसापासून तोही व्याख्येनें बांधला गेला. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक अजून मोजावाच लागतो. म्हणून शास्त्रीय लायब्रऱ्यांत अशा आंकड्यांबरोबर ते कोणत्या सालच्या मान्य तक्त्यांतील, हें नोंदवितात. सरकारी दर, कराचे टक्के आणि व्याज यांविषयीं तर बोलावयासच नको. ते स्थिर नसून मुदतीचे आहेत. तीस वर्षांचा सारा तीस वर्षांनीं बदलणारच होता. त्याला कायमचा समजणें हीच चूक.

ह्यावर दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें असतें, कीं इतकीं घरें आणि इतकीं आडनांवें कशाला? सर्व स्थिरांक एका फायलींत ठेवावे, म्हणजे शोधावयास सोपे. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. लहान बिऱ्हाडांत एकच कपाट पुरतें. फार आडनांवें लागलीं तर वाचणारा थकतो. सात उंबरे ओलांडून मीठ आणावयाचें असेल तर स्वयंपाक होणार केव्हां? परंतु बिऱ्हाडाचा वाडा झाला, कीं एका कपाटांत औषध, तिखट, दस्तऐवज आणि खिळे एकत्र राहूं लागतात. मग प्रत्येकाला प्रत्येक वेळीं तेंच कपाट उघडावें लागतें. एकानें एक वस्तु हलविली कीं साऱ्या घराची शोधाशोध सुरू होते. ज्यांचा परस्परांशीं संबंध नाहीं, त्यांना केवळ ‘आंकडे’ ह्या एका जातीवरून एकत्र ठेवणें हें वर्गीकरण नव्हे. मीठ चुलीजवळ असावें आणि खरेदीखत ट्रंकेंत.

तेव्हां मार्ग मधला आहे, आणि तो इंदापूरच्या मोजणीदारांनीं चालून दाखविलेलाच आहे. आंकडा जितक्या कमी शिवेंत भागेल तितक्या कमी शिवेंत त्यानें जन्म घ्यावा. एका आज्ञेला लागतो तर तिच्याच पोटांत; एका विषयाला लागतो तर त्या विषयाच्या दालनांत. दोन दालनांना तोच आंकडा खरोखर एकाच कारणासाठीं लागूं लागला, तरच त्याला एक पायरी वर चढवावें. केवळ आंकडा सारखा आहे म्हणून चढवूं नये. वर चढलेलें नांव खालीं आणणें फार अवघड असतें, कारण तोंवर अनोळखी माणसांनीं त्याच्यावर घरें बांधलेलीं असतात. जो विश्वाचा आहे त्याला निःसंकोच विश्वाचें घर द्यावें, म्हणजे गांवोगांव त्याच्या वेड्यावांकड्या नकला होणार नाहींत. आणि प्रत्येकाच्या नांवांत त्याचें माप, आणि बदलणारा असेल तर त्याची मुदत, स्पष्ट असावी.

निरा डाव्या कालव्याच्या पाण्यानें ह्या भागाचें रूप पालटलें. जेथें प्रिंगलच्या आकारणीनें जमिनी पडीत पडल्या, त्याच तालुक्यांत ऊस उभा राहिला. मोजणीदारांनीं दोन आण्यांची ठरविलेली कांहीं जमीन आज कदाचित् सोळा आण्यांच्या जमिनीहून अधिक पिकत असेल. शेताच्या प्रतीचा आंकडा असा बदलला. गटाचे दर गेले. रुपयाचा आणा गेला. पण गुंठा आजही 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद आहे. बदलणारें आणि न बदलणारें ज्यांनीं आरंभींच निरनिराळ्या घरीं ठेवलें, त्यांच्यामुळें एक हललें तरी दुसरें उभें राहिलें. अंथुर्ण्याच्या त्या नातवानें आपल्या प्रोग्रॅमांत गुंठ्याचा आंकडा मापांच्या दालनांत एकदांच लिहिला, त्याच्यापुढें ‘चौरस मीटर’ हीं अक्षरें घातलीं, आणि तीन एकर बारा गुंठ्यांचे आर पुन्हां काढून पाहिले. मग तो कागद त्यानें आजोबांच्या ट्रंकेंत, जुन्या खरेदीखताच्या घडींत, ठेवून दिला.